प्रसूतिकालीन मानसिक आरोग्य
गरोदरपणात व बाळंतपणानंतर आईच्या मनाची घ्यायची काळजी. कोलकात्यात बालीगंजलगतच्या शरत बोस मार्गावरील रामकृष्ण मिशन सेवा प्रतिष्ठान १९३२ मध्ये ‘शिशुमंगल’ म्हणून माता-बालकांसाठी सुरू झाले. अशा प्रसूतिगृहांतच मनाची विचारपूस सर्वांत सोयीची, कारण तपासणीला येणारी बाई वेगळ्या मनोविकार दवाखान्यात सहसा जात नाही. पहिल्या दिवसांतले रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. न ओसरलेली उदासी, अपराधी भावना, बाळाविषयी तुटलेपण हे नैराश्य असू शकते, आणि त्याला उपचार आहेत. भास, भ्रम किंवा आत्महत्येचे विचार आल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. १९८७ ची दहा प्रश्नांची एडिनबरा मापनश्रेणी अशा नैराश्याच्या प्राथमिक चाचणीसाठी वापरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार उपचारादरम्यान तीन वर्षांखालील मूल सामान्यतः आईपासून दूर करत नाहीत. ही तरतूद फार मोलाची आहे. मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी मदतसेवा टेलिमानस : १४४१६.