वाघांची खानेसुमारी

‘खानेसुमारी’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. घरागणिक माणसे मोजायची. पण ज्याला घर नाही, दार नाही आणि माणसाची चाहूल लागताच जो झाडीत नाहीसा होतो, त्या वाघाची खानेसुमारी करायची कशी?

ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये एक तोड काढली. माणसाच्या अंगठ्यासारखा प्रत्येक वाघाचा पंजाही निराळा, असे त्यांनी मानले. वनरक्षकांनी पाणवठ्यावर, जंगलवाटांवर ठसे हुडकायचे, काच धरून ते उतरवून घ्यायचे आणि ताडून पाहून वाघ मोजायचे. १९७२ च्या देशभरातल्या मोजणीत १,८२७ वाघ भरले आणि पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. या पद्धतीचे एवढे ऋण मानलेच पाहिजे.

पण ओल्या मातीत ठसा पसरतो, वाळूत विस्कटतो. एकच वाघ दोनदा मोजला जातो. आकडा मात्र अगदी एका-एका वाघापर्यंत नेमका! मला भय वाटते ते या नेमकेपणाचे. राजस्थानातल्या सरिस्कात २००४ साली १६ ते १८ वाघांची नोंद होती. २००५ मध्ये कळले, की तिथे एकही उरलेला नाही. चोरट्या शिकाऱ्यांनी जंगल रिकामे केले होते. वाघ फिरत होते ते कागदावर.

दुसरी वाट तोवर सापडलेली होती. उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकात कर्नाटकातील नागरहोळेत वाटांवर आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावले. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात, त्यामुळे ओळख पक्की. खरी गंमत पुढच्या हिशेबात आहे. समजा, पहिल्या खेपेस २० वाघ टिपले गेले. दुसऱ्या खेपेसही २० आले, त्यांतले १० आधीचेच. म्हणजे पहिले २० हे एकूण वाघांच्या साधारण निम्मे. जंगलात सुमारे ४० असावेत. न दिसलेल्यांनाही इथे हिशेबात जागा आहे.

या धर्तीवरचा २००६ चा देशव्यापी अंदाज २००८ मध्ये जाहीर झाला : १,१६५ ते १,६५७, मधला आकडा १,४११. त्याआधीचा ठशांचा आकडा ३,६४२ होता. पद्धतीच वेगळ्या, तेव्हा वजाबाकी करून ‘इतके वाघ मेले’ म्हणता येत नाही. त्याच वर्षी रणथंभोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून सरिस्कात सोडले. त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती.