केडगावच्या रमाबाई: ‘देवावर विश्वास ठेव’ म्हणजे नक्की काय करायचं?

आज जरा जड विषय आहे, पण कंटाळा येणार नाही, शब्द देते.

गेल्या वर्षी मी ज्या प्रोजेक्टवर होते तो बंद झाला आणि मी तीन महिने घरी बसले. सकाळी लॅपटॉप उघडायचा, अर्ज पाठवायचे, मेल बघायचे, लॅपटॉप बंद करायचा. भेटेल तो एकच सांगायचा, ‘देवावर विश्वास ठेव गं, सगळं ठीक होईल.’ खरं सांगू? वैताग यायचा. विश्वास ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय? त्याच दिवसांत पंडिता रमाबाईंबद्दल वाचत गेले. मी ख्रिस्ती घरातली नाही. पण या बाईंनी आपल्या श्रद्धेचं जे केलं, ते वाचून माझा प्रश्न बदलला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. मोठे विद्वान, आणि त्या काळात चक्क बायकोला संस्कृत शिकवणारे. त्यावरून लोकांचा रोषही पत्करलेला. हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराण सांगत हिंडायचं. मग १८७० च्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. उपास झाले, दानधर्म झाला, होतं नव्हतं ते विकून झालं. मजुरी करणं पुराणिकाच्या घराला माहीतच नव्हतं. शेवटी जंगलात पाणी आणि झाडपाल्यावर दिवस काढायची वेळ आली. काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली.

उरले दोघं, रमा आणि भाऊ श्रीनिवास. ते हजारो मैल पायी हिंडले. झेलम नदीकाठी थंडी सोसेना, तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यात झोपले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. आपण पांघरूण ओढतो ना, तशी.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकून तिथले पंडित थक्क झाले. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या तिथल्याच. वरून बघाल तर यशच. पण रमाबाई शास्त्रं वाचत होत्या आणि बाई म्हणून आपल्या वाट्याला त्यात काय आहे ते शोधत होत्या. जे सापडलं त्याने त्यांची जुनी श्रद्धा खिळखिळी झाली.

पुढची दोन वर्षं ऐका. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं. जात वेगळी, भाषा वेगळी, लग्न नोंदणी पद्धतीचं. १८८१ मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला. वय तेवीस, कडेवर तान्ही मुलगी, माहेर नाही, सासर नाही.

पण आसाममधल्या सिलचरच्या त्या घरात त्यांच्या हाती एक छोटं पुस्तक लागलं होतं: लूकचं शुभवर्तमान, बंगालीत. तेव्हा फक्त ओढ वाटली, निर्णय नाही. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष देताना भारतीय बायकांना स्त्री डॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं. आपणच डॉक्टर व्हावं म्हणून १८८३ मध्ये इंग्लंड गाठलं. प्रवासाला पैसे कुठून? ‘स्त्रीधर्मनीति’ हे स्वतःचं पुस्तक विकून जे आले, त्यांचा मोठा आधार झाला.

त्या वाँटेज गावात ख्रिस्ती जोगिणींच्या आश्रमात राहिल्या. या जोगिणींचं लंडनमध्ये एक काम होतं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना त्या जवळ करत, शिकवत, पुन्हा उभं करत. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका जोगिणीने येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. अशा बाईशी देव स्वतःहून बोलतो, हे रमाबाईंनी कुठेच वाचलं नव्हतं. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

आता गोष्ट इथे संपायला हवी ना? श्रद्धा मिळाली, दुःख संपलं. तसं झालं नाही. कान अधू होत गेले आणि डॉक्टरकीचं स्वप्न मोडलं. पुण्यात लोक भडकले. आणि गंमत म्हणजे ज्यांनी ख्रिस्ती केलं त्यांच्याशीही बाईंचं जमेना! त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर बिशप मंडळींचा आक्षेप. त्रैक्याच्या सिद्धांतावर बाईंच्या शंका. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हा वाद वेगळाच. सद्सद्विवेक माझा आहे, तो मी कुणाकडे गहाण ठेवणार नाही, हा त्यांच्या पत्रांचा सूर. म्हणजे श्रद्धा ठेवताना त्यांनी डोकं बाजूला काढून ठेवलं नाही.

अमेरिकेतून पैसा उभा करून ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. सदन पुण्याला हललं आणि १८९३ मध्ये वाद पेटला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, हे उघड झालं. ‘केसरी’ने झोडपलं. रानडे आणि भांडारकरांसारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. इथे दुसरी बाजूही समजून घ्या. संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असं आधी सांगितलं होतं, त्यामुळे लोकांना फसवल्यासारखं वाटणं अगदीच चुकीचं नव्हतं. रमाबाईंचं म्हणणं होतं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या घराचं दारही लावून घेणार नाही.

याच सुमाराची एक कबुली मला फार जवळची वाटते. बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. सगळं पाठ आहे, आत मात्र शांती नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या, त्याबद्दल हे स्वतःशी कबूल करायला काय लागत असेल! तिथून त्यांची श्रद्धा वादाची न राहता आधाराची झाली.

आणि मग आला १८९६ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं भुकेने मरत होती. ज्या आठवणीपासून कुणीही लांब पळेल, तिच्यात रमाबाई स्वतःहून परत गेल्या. तिथल्या अनाथ मुली, विधवा यांना गोळा करून केडगावला आणलं. पुणे-दौंड गाडीने गेलात तर हे स्टेशन लागतं. तिथल्या माळरानावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. आणि तिथे नुसती प्रार्थना नव्हती हं! शेती, विणकाम, दुभती जनावरं, छापखाना. अंध मुलींसाठी मनोरमाने ब्रेल आणलं. टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. लंडनमध्ये बघितलेलं ते काम आठवतंय ना? वडिलांना मजुरी माहीत नव्हती. लेकीने प्रत्येक मुलीच्या हाताला काम दिलं.

शेवटची पंधरा-सोळा वर्षं त्यांनी अख्खं बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणण्यात घालवली. खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी हवी होती त्यांना. खिळे जुळवायला मुक्ती सदनातल्याच मुली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळिशीत. आईने काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, भाषांतर पूर्ण करून. ते छापून आलं १९२४ मध्ये.

म्हणजे बघा, ‘सगळं ठीक होईल’ या अर्थाने त्यांचं काहीच ठीक झालं नाही. माणसं जातच राहिली. पण आपल्याला कुणीतरी टाकलेलं नाही, एवढा भरवसा त्यांना पुरला. त्याच्या जोरावर त्यांनी इतर टाकलेल्यांना घरात घेतलं.

माझी नोकरी यथावकाश लागली, त्यात चमत्कार वगैरे काही नाही. पण त्या तीन महिन्यांतल्या शेवटच्या महिन्यात मी सोसायटीतल्या वॉचमनकाकांच्या मुलीला रोज तासभर गणित शिकवलं. ती दहावी पास झाली. अजूनही रविवारी येते.

पुढच्या भागात लक्ष्मीबाई टिळक. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको चार वर्षांहून जास्त वेगळी राहिली, ती गोष्ट. भेटूया.