शुक्रवारचं गाणं आणि ते गाणाऱ्या बायका

जोतिबाच्या डोंगरावरून आम्ही बोलतोय. रामनवमी झाली की सहा दिवसांनी आपली चैत्र यात्रा. सासनकाठ्या येतात, गुलालानं डोंगर लाल होतो आणि नारळ-दवण्याच्या दुकानात बसलेल्या आपल्या बायकांना पाणी प्यायलाही सवड नसते. अशाच दिवसांत, १९५५ साली, रामनवमीला पुण्याच्या आकाशवाणीवर एक काम सुरू झालं. आज त्याची गोष्ट सांगायची आहे. रामायण आपल्याला ठाऊक आहे. दोन माणसांनी मिळून ते गाण्यांत कसं उभं केलं आणि त्यातलं काय आपल्यापर्यंत पोचलं, ते बघू.

ही दोन माणसं म्हणजे ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके. दोघांचा जन्म १९१९ सालचा. फडके जन्मानं कोल्हापूरचे. त्यांचं मूळ नाव राम. गाण्याचे पहिले धडे त्यांनी याच शहरात वामनराव पाध्ये यांच्याकडे गिरवले. माडगूळकर आपल्या शेजारच्या माणदेशातले. घरची गरिबी, म्हणून पोटासाठी ते कोल्हापूरला आले आणि मास्टर विनायकांच्या सिनेमा कंपनीत पडेल ते काम करू लागले. तेव्हा कोल्हापूर ही मराठी सिनेमाची पेठ होती. एकानं शब्द लिहायचे, दुसऱ्यानं चाल लावायची, असं पुढे या दोघांचं जमलं. ‘वंदे मातरम्’, ‘पुढचं पाऊल’, ‘लाखाची गोष्ट’ या सिनेमांची गाणी त्यांनी केली. म्हणजे १९५५ साली दोघं पस्तिशीतले, पण आपापल्या कामात मुरलेले होते.

पुणे आकाशवाणी १९५३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली होती. तिथले अधिकारी सीताकांत लाड यांना असा कार्यक्रम हवा होता, की लोकांनी आठवडाभर त्याची वाट बघावी. त्यातून ‘गीतरामायण’ ठरलं. दर शुक्रवारी सकाळी एक नवं गाणं. वर्षाची ५२ गाणी व्हायची होती, पण त्या साली अधिक महिना आला आणि गाणी झाली ५६. १ एप्रिल १९५५ ला सुरू झालेलं हे काम पुढच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ ला संपलं.

आता यातलं कष्टाचं गणित बघा. दर आठवड्याला गाणं लिहायचं, चाल बांधायची, गाणाऱ्याला शिकवायची, वादकांना बसवायचं, स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचं. शुक्रवार कुणासाठी थांबत नाही. पहिल्याच गाण्याचा कागद म्हणे फडक्यांकडून हरवला. माडगूळकर चिडले. लाडांनी त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावली आणि पंधरा मिनिटांत गाणं पुन्हा लिहून झालं, असं सांगतात. भांडण झालं, पण शुक्रवार चुकला नाही. आपल्या गटाची बचतीची बैठकही अशीच असते ना? रुसवेफुगवे होतात, पण ठरलेल्या वारी सगळ्या जमतात, म्हणून गट टिकतो.

त्या काळी घरोघरी रेडिओ नव्हते. जिथे होता तिथे लोक गोळा व्हायचे, रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. वर्तमानपत्रांत गाण्याचे शब्द छापून यायचे.

आणि आता जे सांगायला आज बोलावंसं वाटलं, ते ऐका. ही गाणी रेडिओवर एकट्या फडक्यांनी गायली नव्हती. रामायणातली पात्रं जितकी वेगळी, तितके गाणारे गळे वेगळे. वसंतराव देशपांडे, राम फाटक होते. बायकाही पुष्कळ होत्या. सीतेची गाणी माणिक वर्मांनी गायली. कौसल्येचा आवाज ललिता फडक्यांचा. मालती पांडे, सुमन माटे, योगिनी जोगळेकर, लता मंगेशकर याही त्यात होत्या. म्हणजे सीतेचं दुःख घराघरांत पोचलं ते बाईच्या गळ्यातून.

पुढे फडक्यांनी सगळी ५६ गाणी आपल्या एकट्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली आणि गावोगावी मंचावरही गायली. त्यांनी ती फार सुंदर गायली, यात शंका नाही. पण तबकड्या आणि कॅसेटी घरोघरी पोचल्या त्या त्यांच्या आवाजातल्या. आज कुणालाही विचारा, गीतरामायण म्हटलं की बाबूजींचाच आवाज आठवतो. कुणी मुद्दाम बायकांना बाजूला सारलं असं आम्ही म्हणत नाही. पण जे ध्वनिमुद्रण घरात येतं, तेच लोकांच्या कानात राहतं.

हे आम्हाला लागतं, कारण आमच्याकडून असंच काही हरवलं. आमच्या एका गटातल्या म्हाताऱ्या मावशी जात्यावरच्या ओव्या सांगायच्या. डोंगराच्या, माहेराच्या, लेकीच्या. एकदा बैठक संपल्यावर आम्ही त्या मोबाईलवर घेतल्या. पुढे मोबाईल बिघडला आणि ओव्या गेल्या. दुसऱ्या कुठे ठेवायचं आमच्या ध्यानातच आलं नाही. मावशीही आता नाहीत.

हे काम नेटकं करणारी आणखी दोन माणसं पुण्यात होती, हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ. गावोगावी फिरून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ओवीबरोबर सांगणारीचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. म्हणून ती ओवी आज कुणाची, हे सांगता येतं.

तेव्हा आम्ही ठरवलंय, महिन्याच्या पहिल्या बैठकीनंतर एका म्हातारीच्या ओव्या घ्यायच्या. एकीनं मोबाईल धरायचा, दुसरीनं वहीत नाव, गाव, तारीख लिहायची. त्याच दिवशी ते ध्वनिमुद्रण आणखी दोघींच्या मोबाईलवर पाठवायचं. तुमच्या गटात कोण गातं? या बैठकीत तिला पुढे बसवा आणि वहीत आधी तिचं नाव लिहा.