अंगणवाडीतले ‘अंगण’

आपल्याकडे मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाहखानी करण्याची जुनी प्रथा आहे. घरातले वडीलधारे किंवा मौलवीसाहेब एकेक शब्द सांगतात, नवे कपडे घातलेले मूल तो मागून म्हणते, मिठाई वाटली जाते. मुलाचे शिक्षण सुरू झाले असे सगळे मानतात. मला या प्रथेबद्दल आपुलकी आहे. पण त्या दिवसाआधी शिक्षण चाललेले नव्हते काय? चालणे, बोलणे, घास तोंडात घालणे, चप्पल पायात अडकवणे हे सारे मूल त्याआधीच शिकते. ‘मला जमते’ हा विश्वास किंवा ‘मला काही येत नाही’ ही भीती याच वर्षांत रुजते.

आपल्या विद्वानांनी या भीतीची दखल फार पूर्वी घेतली होती. इमाम गझाली (1058-1111) यांनी ‘इह्या’मध्ये मुलांच्या संगोपनावर लिहिले आहे. मकतब सुटल्यावर मुलाला खेळू द्यावे, सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरते, चांगले वागले तर चारचौघांत कौतुक करावे आणि पहिली चूक झाली तर तिकडे काणाडोळा करावा, असे ते सांगतात. इब्न खल्दून यांनी 1377 साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त तर शिक्षणातील कठोरपणावर स्वतंत्र प्रकरणच आहे. धाकात वाढलेले मूल, त्यातही लहान मूल, उत्साह गमावते, आळशी होते, मार चुकवण्यासाठी खोटे बोलू लागते आणि पुढे तोच त्याचा स्वभाव बनतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. जुलमाखाली राहिलेल्या समाजांचेही असेच होते, असेही ते म्हणतात. एका मुलाच्या धाकाचा संबंध त्यांनी थेट समाजाच्या अधोगतीशी जोडला.

या दोघांसमोर मुख्यतः शिकायला बसवलेली मुले होती. त्याहून लहान मुलांच्या हातांकडे बारकाईने पाहणारी एक व्यक्ती पुढे इटलीत झाली. मारिया माँटेसरी या पेशाने डॉक्टर. 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत त्यांनी ‘बालगृह’ सुरू केले. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. एकदा त्यांनी मुलांना रुमालाने नाक कसे शिंकरावे, आवाज न करता कसे पुसावे, हे करून दाखवले. पाठ संपताच मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माँटेसरी चकित झाल्या. मग त्यांच्या लक्षात आले की, नाकावरून या मुलांना रोज बोलणी खावी लागत होती, पण ते पुसायचे कसे हे कुणी नीट दाखवलेच नव्हते. तो पाठ मुलांना स्वच्छतेचा कमी आणि सन्मानाचा जास्त वाटला होता.

हा विचार आपल्याकडे रुजवला तो गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडून शिक्षक झालेल्या या माणसाने 1920 साली भावनगरला बालमंदिर काढले. गुजराती लोक त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, म्हणत. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या आणि 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे 1939 साली माँटेसरी स्वतः मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत भारतातच राहिल्या. त्यांच्याकडे येथील अनेक शिक्षक तयार झाले.

तरीही बालशिक्षण शहरातल्या खात्यापित्या घरांपुरतेच राहण्याचा धोका होता, कारण त्याची साधने महाग होती. ताराबाईंनी 1945 साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गाठली. लहान वयात विधवा झालेल्या अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. विकतच्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, खडे, पाने हाताशी घेतली. आदिवासी पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळाही निघाली. मुलाला शाळेच्या मापात कापण्याऐवजी शाळा मुलाच्या मापाची केली गेली.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. पण आपल्या मोहल्ल्यात विचारून पाहा. अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि लसीकरण, एवढेच उत्तर बहुधा मिळेल. ज्याची ऐपत आहे तो अडीच वर्षांच्या मुलाला इंग्रजी नर्सरीत घालतो आणि महिन्याभरात एबीसीडी लिहिण्याची अपेक्षा धरतो. घरी मात्र त्याच मुलाला अम्मी किंवा दादी पाचव्या वर्षापर्यंत भरवते, कारण ‘तू सांडशील’. यात प्रेम आहेच, पण मुलाच्या कानी पडते ते ‘तुला जमणार नाही’ एवढेच.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मुलगा असेल तर त्याचे बूट बहीण घालून देते आणि काही न करताच तो ‘शेर’ ठरतो. मुलीला लवकर कामाला लावतात, तिला ते येतेही, पण तिच्या वाट्याला शाबासकीपेक्षा बोलणीच जास्त येतात. एकाला कामाविना कौतुक आणि दुसरीला कौतुकाविना काम! आत्मविश्वास या दोन्ही वाटांनी येत नाही. स्वतःच्या हाताने केलेले काम आणि ते पाहणारी मायेची नजर, दोन्ही लागते.

यासाठी पैसे लागत नाहीत, हे बोर्डीने दाखवून दिले आहे. छोट्या पेल्यात अर्धेच पाणी द्यावे. शर्टाचे बटण लावायला मुलाला पाच मिनिटे लागत असतील तर ती द्यावीत. पाणी सांडले तर ओरडण्याऐवजी फडके हातात द्यावे आणि कसे पुसायचे ते एकदा करून दाखवावे. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत जाऊन सेविकाताईंना विचारावे की, मुले इथे हाताने काय काय करतात? खिचडीबरोबर तेही मुलांच्या हक्काचे आहे. ते मागणे आपले काम आहे.