बरानगरचा ड्रम आणि ‘मॉड्यूल सापडलं नाही’

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल, किल्ल्यांबद्दल बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे, पण आहे इतिहासच. तुमच्या घरात कुणी पायथन शिकत असेल तर त्याच्या पडद्यावर एकदा तरी लाल अक्षरांत उमटलेलं असणार, मॉड्यूल नॉट फाउंड एरर. म्हणजे प्रोग्रॅमला जो दुसरा प्रोग्रॅम मदतीला हवा होता तो सापडला नाही. पोरं हे वाचून वैतागतात. मी त्यांना सांगतो, बाबांनो, यंत्र तुम्हाला स्वतःच्या तोंडाने सांगतंय की कोण गैरहजर आहे. एके काळी ते एवढंही सांगत नव्हतं.

तो काळ पाहायला कोलकात्याला जाऊ. शहराच्या उत्तरेला बराकपूर ट्रंक रोडवर बरानगर आहे. तिथे प्रशांतचंद्र महालनोबिस यांची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, स्थापना १९३१. सांख्यिकीचं काम म्हणजे आकड्यांचे डोंगर. १९५३ मध्ये याच संस्थेत समरेंद्रकुमार मित्रा यांनी दहा अज्ञात राशींची समीकरणं सोडवणारा अॅनालॉग संगणक तयार केला. आणि १९५५-५६ च्या सुमारास तिथे इंग्लंडहून एक यंत्र आलं, एचईसी-२एम. भारतात बसवलेला हा पहिला डिजिटल संगणक. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक पूर्णपणे कामाला लागला तो १९६० मध्ये. आपण मराठी माणसं टिफ्रॅकचा अभिमान बाळगतो आणि बाळगावाच, तो इथे घडवलेला होता. पण पहिला मान बरानगरचा.

या एचईसीची जन्मकथा गमतीची आहे. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात अँड्र्यू बूथ नावाचे शास्त्रज्ञ फार थोड्या पैशात संगणक जुळवत होते. त्यांच्या सहकारी, पुढे पत्नी, कॅथलीन बूथ. यंत्राला आकड्यांऐवजी छोट्या खुणांनी आज्ञा लिहिण्याची पद्धत, जिला आज आपण असेंब्ली भाषा म्हणतो, तिच्या अगदी पहिल्या कर्त्यांपैकी या एक. १९५१ मध्ये ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीचे रेमंड बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी वॉरिकशरमधल्या फेनी कॉम्प्टन या खेड्यात गेले. तिथल्या एका कोठारात बूथ यांचं यंत्र उभं होतं. या तिघांनी काही दिवस राहून त्याची सर्किटं उतरवून घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीचा पहिला नमुना चालू झाला. त्याच घराण्यातलं यंत्र पुढे बरानगरला पोचलं. कॅथलीनबाई १९२२ ला जन्मल्या आणि २०२२ मध्ये, शंभरी गाठून गेल्या. आपल्याकडे त्यांचं नाव किती लोकांना माहीत आहे?

आता यंत्राच्या आत डोकावू. एचईसीची स्मृती म्हणजे गरगर फिरणारा एक चुंबकीय ड्रम, त्यावर सुमारे हजारभर खणांची जागा. प्रत्येक खणाला क्रमांक. आज्ञा त्याच खणांत, आकडेही त्याच खणांत. बाहेरून पाहून कोणता खण आज्ञेचा आणि कोणता आकड्याचा हे कळायला मार्ग नाही. असेंब्लर नाही, कंपायलर नाही. यंत्राच्याच आकडी भाषेत लिहायचं, कार्डांना भोकं पाडायची आणि आत सोडायचं.

समजा, वर्गमूळ काढण्याचा एक तुकडा कुणीतरी चांगला लिहून ठेवला आहे. तो शंभराव्या खणापासून सुरू होतो आणि त्यात मध्येच एक आज्ञा आहे, ‘१०७ वर जा’. तुम्हाला तो तुमच्या कामात वापरायचाय, पण शंभरपासूनची जागा तुम्ही आधीच दुसऱ्या कशाला दिलेली आहे. म्हणून तो ३०० पासून ठेवायचा. मग ‘१०७ वर जा’ चं ‘३०७ वर जा’ करायला हवं, आणि असे जितके पत्ते असतील तितके सगळे बदलायला हवेत. एक राहिला की यंत्र १०७ वर उडी मारणार. तिथे असेल एखादा आकडा, समजा तागाच्या शेताचं क्षेत्रफळ. यंत्र त्या क्षेत्रफळालाच हुकूम समजून पाळणार! कसली घंटा नाही, लाल अक्षर नाही. नशीब असेल तर यंत्र अडकून थांबेल. नशीब फुटकं असेल तर थांबणार नाही, उत्तर छापून देईल, आणि ते उत्तर दिसायला अगदी बरोबर असेल.

दुसरी पंचवार्षिक योजना १९५६ ला सुरू झाली आणि तिचा आराखडा महालनोबिस यांच्या प्रतिमानावर उभा होता. राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे याच संस्थेत चाळले जात. तिथे न बोलणारी चूक किती महाग पडू शकते, याचा अंदाज तुम्हीच करा.

महालनोबिस यांना मात्र न बोलणाऱ्या चुकीची ओळख संगणकाच्या आधीपासून होती. तीसच्या दशकाच्या शेवटी बंगालमध्ये तागाच्या पिकाची पाहणी सुरू झाली, तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. एकाच भागाचे नमुने दोन गटांत वाटायचे आणि दोन वेगळ्या तुकड्यांना स्वतंत्रपणे पाठवायचं. एकीला दुसरीचे आकडे दाखवायचे नाहीत. मग दोन्ही निकाल शेजारी ठेवायचे. फरक जास्त निघाला तर कुठेतरी पाणी मुरतंय. आम्ही सैन्यात एकाच डोंगराची टेहळणी दोन गस्तींकडून करून घेत असू, त्यातलाच हा प्रकार. चूक आपणहून बोलत नसेल तर तिला बोलतं करण्याची सोय आधी करून ठेवायची.

यंत्राच्या बाबतीत ही सोय पहिल्यांदा नीट झाली केंब्रिजला. तिथला एडसॅक ६ मे १९४९ ला चालू झाला. पहिला प्रश्न होता, यंत्र सुरू केलं तेव्हा स्मृती कोरी आहे, मग पहिली आज्ञा आत आणणार कोण? त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तसल्या फिरत्या स्विचांवर ३१ आज्ञा तारांनी कायमच्या बांधून टाकल्या. बटण दाबलं की त्या ३१ आज्ञा स्मृतीत उतरायच्या आणि कागदी फीत वाचायला लागायच्या. लेखक डेव्हिड व्हीलर, वय २२, अजून पीएचडी करणारा विद्यार्थी. सप्टेंबरपर्यंत त्याने दुसरी आवृत्ती केली, ४१ आज्ञांची. या ४१ आज्ञांत मघाचा ‘१०७ चं ३०७’ हा सगळा कुटाणा यंत्राच्या गळ्यात घातला होता. आज्ञेच्या शेवटी एक अक्षर लिहायचं. त्या अक्षराचा अर्थ, हा पत्ता या तुकड्याच्या सुरुवातीपासून मोजलेला आहे, आत घेताना सुरुवातीचा क्रमांक त्यात मिळव. बस्स. आता तुकडा कुठेही ठेवा.

माझ्या मते संगणकाच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिची जाहिरात फार थोडी झाली. कारण यामुळे एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वापरता येऊ लागलं. केंब्रिजला ऐंशीहून अधिक तुकड्यांच्या फिती कपाटात तयार असत. हवी ती काढायची, तिची नक्कल आपल्या फितीत करून घ्यायची. आजचं पायथनचं ‘इम्पोर्ट’ हे त्या कपाटाचंच पणतू आहे. याच सुमारास अमेरिकेत ग्रेस हॉपर, ज्या पुढे नौदलात रिअर अॅडमिरल झाल्या, त्यांनी ए-० नावाची व्यवस्था केली. तिच्यात नुसता तुकड्याचा क्रमांक सांगायचा, यंत्र तो फितीवरून स्वतः शोधून जोडायचं.

आणि चुका? एडसॅकचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी १९४९ मध्ये १२६ ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला, त्यात वीसेक चुका निघाल्या. पुढे त्यांनी आठवण लिहिली आहे की जिना चढताना त्यांना एकदम जाणवलं, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच चुका शोधण्यात जाणार. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये या विषयावर निबंधच लिहिला. त्यातल्या एका पद्धतीला नाव होतं पोस्टमॉर्टेम, शवविच्छेदन. प्रोग्रॅम मेला की लगेच दुसरा छोटा प्रोग्रॅम आत सोडायचा आणि स्मृतीच्या खणांत शेवटी काय काय होतं ते छापून घ्यायचं. दुसरी पद्धत जिवंतपणीची होती. तपासणी करणारा प्रोग्रॅम मुख्य प्रोग्रॅमची एकेक आज्ञा स्वतः पाळायचा आणि प्रत्येक आज्ञेचं अक्षर छापत जायचा. कागदावरची अक्षरांची रांग पाहिली की गडी वाट कुठे चुकला ते दिसायचं.

बरानगरला एचईसीनंतर दोन-तीन वर्षांत सोव्हिएत संघाकडून उराल आला. बशीर रामेयेव यांची रचना. त्याचा ड्रम सेकंदाला शंभर फेऱ्या घ्यायचा आणि यंत्र सेकंदाला शंभरच आज्ञा पाळायचं, एका फेरीला एक. त्याचा प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या सिनेमाच्या फिल्मवर असे. स्मृती पुन्हा हजारभर खणांचीच. इंग्रजी यंत्र आणि रशियन यंत्र एकाच संस्थेत, शीतयुद्धाच्या ऐन काळात. हे कोलकात्यालाच जमावं!

पुढचा पल्ला भराभर गाठू. १९५७ मध्ये फोरट्रान आली, १९५८ मध्ये तिच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रोग्रॅमचे भाग वेगवेगळे भाषांतरित करून शेवटी लोडरने जोडायची सोय झाली. १९६५ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी वॅटफोर बनवला, त्याची ख्याती चुका नीट सांगण्याबद्दल. उलट टोकाला युनिक्सचा संपादक, ज्याचं चुकीबद्दलचं सगळं निवेदन म्हणजे एक प्रश्नचिन्ह. असे साहेब मी पाहिलेत.

मल्टिक्सवर मात्र थोडं थांबतो. साठच्या दशकात एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी ही प्रणाली हाती घेतली. आधी सगळे तुकडे जोडून मग प्रोग्रॅम सुरू करायचा, हे त्यांनी उलटवलं. जोडायचंच नाही, सुरू करा. वाटेत प्रोग्रॅमने न जोडलेल्या तुकड्याला हाक मारली की यंत्रात अडथळा उठायचा. प्रणाली तो अडथळा पकडायची, तुकडा शोधून जोडायची आणि प्रोग्रॅमला म्हणायची, चल पुढे. म्हणजे ज्याला आपण चूक म्हणतो तीच इथे रसद मागण्याची खूण झाली.

आता १९९१ मध्ये आलेलं पायथन. ‘इम्पोर्ट’ म्हटलं की ते आधी स्वतःची हजेरीवही पाहतं, हे मॉड्यूल आधीच आलंय का. आलं असेल तर पुन्हा आणत नाही. नसेल तर ठरलेल्या जागा ठरलेल्या क्रमाने धुंडाळतं, आणि पहिल्यांदा जे नाव जुळेल ते उचलतं. इथे एक गंमत होते. मुलगा स्वतःच्या फाइलला ‘रँडम’ नाव देतो, आणि पायथनचं मूळचं ‘रँडम’ बाजूला राहून त्याचीच फाइल उचलली जाते. पलटणीत आम्हाला हे नवं नाही. एका कंपनीत दहा शिंदे आणि आठ पाटील. म्हणून आम्ही जवानाला नंबरच्या शेवटच्या आकड्यांनी हाक मारायचो. २०२४ च्या पायथन ३.१३ पासून यंत्र स्वतःच सुचवतं, बाबा, तुझ्या फाइलचं नाव मूळ मॉड्यूलसारखं आहे, बदलून बघ. आणि चूक झालीच तर ते पूर्ण माग छापतं, कोणी कोणाला हाक मारली, शेवटची हाक सर्वांत खाली. गिल यांच्या अक्षरांच्या रांगेचंच हे सुधारलेलं रूप.

पण हा अहवाल गिळूनही टाकता येतो. दोन ओळी लिहिल्या की झालं, काहीही चुकलं तरी गप्प राहा. मुलं हे सर्रास करतात, पडदा स्वच्छ दिसतो म्हणून. त्यांच्यासाठी ही पुढची हकिगत.

बरानगरला यंत्र देणारी ती ब्रिटिश टॅब्युलेटिंग कंपनी १९५९ मध्ये विलीन होऊन आयसीटी झाली, १९६८ मध्ये आयसीएल. आयसीएल पुढे फुजित्सूची झाली. याच आयसीएलने ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसला होरायझन नावाची हिशोबाची प्रणाली दिली, १९९९ पासून ती गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत बसली. हिशोबात तूट दिसू लागली. प्रणाली सांगायची, पैसे कमी आहेत. माझ्यात बिघाड आहे, असं ती पोस्टमास्तरला सांगत नव्हती. एक नमुना घ्या. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनच्या हिशोबात आठ हजार पौंडांची एकच रक्कम चारदा नोंदली गेली. पडदा गोठलेला, बटण पुन्हा दाबलं गेलं, प्रत्येक वेळी नवी नोंद. चोवीस हजारांची तूट, जी कधी नव्हतीच. अशा तुटींवरून खटले भरले गेले. नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले, कित्येक तुरुंगात गेले, त्यांत भारतीय वंशाचे दुकानदारही होते. कायद्याचं गृहीतक असं की संगणक बरोबर चाललाय. तो चुकला असेल हे दाखवायचं आरोपीने, आणि चुकांच्या नोंदी मात्र कंपनीकडे. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले. मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. तोवर काही जण हे जग सोडून गेले होते.

याचा दोष फेनी कॉम्प्टनच्या कोठारातल्या तिघांना किंवा एचईसीला लावण्याचं कारण नाही. आडनाव चालत आलं म्हणून कर्म चालत येत नाही. पण एचईसी गप्प बसायची कारण तिला बोलताच येत नव्हतं, आणि होरायझनला येत होतं.

पुढच्या भागात कोलकात्यातच राहू आणि यादवपूरला जाऊ. तिथलं विद्यापीठ आणि बरानगरची संस्था यांनी मिळून १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणारा इसिजू-१ उभा केला, त्याची गोष्ट.