मिठागरांतील स्फटिकविद्या

रसायनांच्या व औषधांच्या कारखान्यांत स्फटिक केव्हां धरूं द्यावा, केवढा वाढूं द्यावा आणि कोणत्या क्षणीं मूळ द्रवापासून वेगळा करावा, हा आज एका स्वतंत्र शास्त्राचा विषय झाला आहे. आमच्या वर्तकनगरांतून अशा कारखान्यांत जाणाऱ्या रसायनपदवीधरांपैकीं किती जणांस ठाऊक असेल कीं, हेंच काम ठाण्याच्या खाडीकांठीं आगरी लोक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले? ‘आगरी’ हें नांवच मुळीं मिठाच्या आगरावरून पडलें, असें मानतात.

समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पैकीं आपल्या जेवणांतलें मीठ सुमारें २७ ग्रॅम. बाकीचे त्याचे भाऊबंद. पण ताटांत त्यांची संगत नको असते. भरतीचें पाणी बांधाच्या उघाडींतून पहिल्या तळ्यांत घेतात, तेथून एकामागून एक उथळ तळ्यांत सोडीत नेतात, आणि पावसाळा येईपर्यंत ऊन व वारा ह्यांच्याकडून तें आटवून घेतात. मूळ पाण्याचा सुमारें दहावा हिस्सा उरेपर्यंत मीठ बसतच नाहीं. तोंपर्यंत चुना आणि बरेंचसें जिप्सम तळाशीं जातें. मग तें तयार पाणी चोपून घट्ट केलेल्या वाफ्यांत घ्यावयाचें. खरी कसोटी येथून पुढें. लोभानें पाणी शेवटपर्यंत आटूं दिलें, तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठाबरोबर येतात, आणि असें मीठ पावसाळी हवेंतला ओलावा पिऊन गोणींतच पाझरूं लागतें. म्हणून उरलेलें कडू पाणी वेळींच सोडून द्यावें लागतें. रसायनज्ञ ही वेळ बोमेच्या घनतामापकावर २९-३० अंशांच्या सुमारास वाचतो. आगऱ्याच्या हातीं असें यंत्र पुष्कळ काळ नव्हतें. त्यास ती पाणी पाहूनच ओळखावी लागे.

दाण्याचेंही तसेंच. पाणी सावकाश आटलें तर दाणा मोठा, घाईनें आटलें तर बारीक. इंग्लंडांतील चेशायरचें मीठ कढयांत उकळून करीत, म्हणून तें पांढरें शुभ्र व बारीक असे. लिव्हरपूलहून तें जहाजांतून बंगाल्यांत आलें, आणि एकोणिसाव्या शतकांत तेथील देशी मिठाचा धंदा बुडाला. ह्यांत दाण्याचा गुण किती आणि सरकारी धोरणाचा हात किती, असा वाद घालतां येईल. माझ्या मतें पारडें दुसऱ्या बाजूसच झुकतें.

कर मात्र दाणा पाहून नव्हे, वजनावर असे. १८८८ सालीं मणास अडीच रुपये, १९२३ सालीं पुन्हां तेवढाच, आणि १९३० सालीं सव्वा रुपया. समुद्र, ऊन आणि आगऱ्याचे श्रम ह्यांतलें एकही सरकारचें नव्हतें! १९३० सालीं वडाळ्यास व शिरोड्यास सत्याग्रही मिठागरांत शिरले, त्यामागें हा हिशेब होता. कर उठला १९४७ सालीं.

स्फटिकाचा लहरीपणा यंत्रयुगांतही संपलेला नाहीं. ज्या द्रवांत विरघळलेला पदार्थ मर्यादेबाहेर भरला आहे, त्यांत बीजादाखल एक लहान स्फटिक टाकला कीं बाकीचे धरूं लागतात, हें लोविट्‌झ ह्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्ग येथें दाखविलें. परंतु नको असलेलें बीजही असेंच काम करतें. एड्‌सवरील रिटोनाविर हें औषध १९९६ सालीं बाजारांत आलें; दोन वर्षांनीं कारखान्यांत त्याचा एक निराळाच स्फटिक आपोआप धरूं लागला. रेणू तोच, रचना वेगळी. पण तो पुरेसा विरघळेना, आणि त्या कॅपसूल बाजारांतून काढून घ्याव्या लागल्या. कोट्यवधींची यंत्रसामग्री जवळ असलेल्यांची ही गत, तर उघड्या आभाळाखालीं, अवकाळी सरीच्या धास्तीनें काम करणाऱ्यांचें कौतुक अधिकच वाटतें.

ठाणें-मुंबईकडचीं मिठागरें आतां आटत चाललीं आहेत. मुलुंडास एका रस्त्याचें नांव मिठागर रोड आहे. आणि मुलुंड, भांडूप व कांजूरमार्ग येथील मिठागरांची सुमारें २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठीं देण्याचा निर्णय २०२४ सालीं झाला. घरें हवींत, ह्याबद्दल दुमत नाहीं. पण कडू पाणी कोणत्या दिवशीं सोडावें हें नुसत्या नजरेनें सांगणारांचें ज्ञान कोणीं तरी टिपून ठेवावयास हवें. आमच्या रसायनाच्या विद्यार्थ्यांनीं एक उन्हाळा तिकडे घालवावा, असें मीं वर्गांत सुचविलें, तेव्हां ‘त्याचे गुण किती?’ असा प्रश्न मागच्या बांकावरून आला.