टेबलाभोवतीचे सतरा जण

युरोपच्या एकत्रीकरणाची गोष्ट वाचताना आपल्याला भेटतात ती नेतेमंडळी. शूमान, मोने, आदेनॉवर, नंतर कोल आणि मितराँ. पण या गोष्टीतल्या एका प्रकरणात पुढाकार मोटारी आणि टीव्ही विकणाऱ्यांचा होता, आणि ते प्रकरण काही माझ्या डोक्यातून जात नाही.

१९८० च्या दशकाची सुरुवात. सदस्य देशांमधली आयात जकात १९६८ सालीच उठलेली. तरी प्रत्येक देशाची मानकं वेगळी, कर वेगळे, सरहद्दीवरचे कागद वेगळे. आपल्याकडच्या जुन्या जकात नाक्यांवर असायचे तसे ट्रक ताटकळत उभे. एकाच वस्तूचे देशागणिक निराळे नमुने काढायचे. आणि स्पर्धा कोणाशी, तर घरातच मोठी बाजारपेठ असलेल्या अमेरिका आणि जपानशी!

उद्योगांची संघटना नव्हती असं नाही. 'युनिसे' १९५८ पासून होती. पण तो देशोदेशींच्या महासंघांचा महासंघ. सगळ्यांना सांभाळून घ्यायचं म्हटल्यावर ठरावाची धार बोथट होणारच.

मग एप्रिल १९८३ मध्ये व्होल्वोचे प्रमुख पेर युलेनहामर यांच्या पुढाकाराने सतरा बडे उद्योगपती पॅरिसमध्ये जमले. 'युरोपियन राउंड टेबल' ते हेच. इथे संघटनांचे प्रतिनिधी नाहीत, कंपन्यांचे प्रमुख स्वतः, आणि तेही निमंत्रण असेल तरच. गंमत म्हणजे व्होल्वोचा स्वीडन तेव्हा समुदायात नव्हताच, तो आला १९९५ साली. युरोपीय आयोगाचे एतिएन दाविन्यों यांचंही या मंडळींना प्रोत्साहन होतं. म्हणजे दार आतूनही उघडलं जात होतं.

जानेवारी १९८५ मध्ये फिलिप्सच्या विसे डेकर यांनी योजना मांडली: १९९० पर्यंत एक बाजारपेठ. त्याच महिन्यात जाक देलोर आयोगाचे अध्यक्ष झाले. जूनमध्ये लॉर्ड कोफील्ड यांची श्वेतपत्रिका आली. सुमारे तीनशे उपाय, मुदत १९९२. पुढे १९८६ चा 'एकल युरोपीय कायदा', आणि १ जानेवारी १९९३ पासून सरहद्दीवरची मालाची जकात तपासणी बंद.

हे सगळं सतरा जणांनी घडवलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. थॅचरबाईंना खुला बाजार हवाच होता. एका देशात रीतसर विकला जाणारा माल दुसऱ्याने सहसा अडवू नये, असा निकाल युरोपीय न्यायालयाने १९७९ मध्येच दिला होता. उद्योगपतींनी दिली ती घाई, आणि एक तारीख.

ग्यानबाची मेख इथेच आहे. देलोर यांनी १९८५ मध्येच कामगार संघटना आणि मालक यांनाही चर्चेला बोलावलं होतं. त्यातून पुढे १९८९ ची सामाजिक सनद आली, पण ती बंधनकारक नव्हती आणि ब्रिटनने त्यावर सहीच केली नाही. बाजाराला कायदा आणि मुदत मिळाली, कामगाराला घोषणापत्र. लहान कारखानदार तर महासंघाच्या महासंघातून आपलं म्हणणं वर पोचायची वाट पाहत राहिला.

२०१६ मध्ये ब्रिटनमधले बहुतेक बडे उद्योग 'राहा' म्हणत असताना जवळपास ५२ टक्के मतदार 'जाऊ' म्हणाले. कारणं अनेक होती. पण टेबलाभोवती कोण बसलं होतं, हा प्रश्न तेव्हा मला पुन्हा आठवला.

असो. टेबल गोल असलं तरी खुर्च्या मोजक्याच असतात.